हर्डल कुठल्या बाजूने पडतं

१२ फेब्रुवारी, सोमवार

टिटवी उद्यापासून हर्डल्सला जाणार. ठरलं. मला न विचारता ठरलं!

सकाळी चहाच्या वेळी बापलेकींनी एकमेकांकडे बघितलं तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. मग नवऱ्याने घसा खाकरला. औषधाच्या दुकानात गिऱ्हाइकाला 'ही गोळी आता येत नाही' सांगायच्या आधी खाकरतो, तस्सा. "सर म्हणाले, पाठवा तिला." म्हणजे हा परस्पर सरांना भेटूनही आला होता! मी ब्रेडला लोणी लावत राहिले. एकाच स्लाइसला किती लावलं कोण जाणे.

टिटवी नऊ वर्षांची आहे. हे नाव तिच्या बापाने ठेवलेलं — लांब पाय आणि दिवसभर टिवटिव, म्हणून. मीही नवव्या वर्षीच सुरुवात केली, याच मैदानावर, याच सरांकडे. गावभर हे सगळ्यांना पाठ आहे, कारण शाळाशाळांतून भाषणं ठोकत मीच ते पाठ करून घेतलंय. 'मुलींनो, अडथळ्यांना घाबरू नका!' टाळ्या. आता कुठल्या तोंडाने नाही म्हणू?

नाही म्हणायला कारण लागतं. माझ्याकडे एकच आहे आणि ते या वहीबाहेर बोलायची सोय नाही — मला भीती वाटते. पोटात गोळा येतो. स्वतः धावताना असा कधी आला नाही. ऑलिम्पिकच्या फायनललासुद्धा नाही. तेव्हा मळमळलं होतं, पण ते वेगळं.

मैदानाच्या भिंतीवर माझं दोन मजले उंच चित्र आहे. हर्डलवरून झेपावणारी मी. तीच बाई आज लोणी लावत बसली होती. (चित्रात पुढे उजवा पाय काढलाय. मी जन्मभर डावा टाकला. इतकी वर्षं झाली, अजून कोणाच्या लक्षात आलेलं नाही.)

१३ फेब्रुवारी

पहिला दिवस.

सरांनी मुलींना रांगेत उभं केलं. शिट्टी नाही, काही नाही — सर नुसतं 'हं' म्हणतात. सत्तरी कधीच ओलांडली. टोपी तीच, म्हणजे तसलीच. सगळी हर्डल्स स्वतः मांडतात. मांडून झाली की एकेकाला तळहाताने ढकलून बघतात, पडतं ना. मैदानाच्या कमिटीने लहान मुलांसाठी फोमची नवीकोरी हर्डल्स आणली आहेत, ती कोठीत वेष्टनासकट पडून आहेत. सरांची जुनी लोखंडीच, वर लाकडी पट्टी, सगळ्यात खालच्या खाचेत लावलेली. "फोमला पोरी मान देत नाहीत," म्हणतात.

पहिला धडा मला दिला होता तोच. हर्डलच्या पायांकडे बोट. "हे पाय आपल्याकडे. धावत येणाऱ्याकडे. आता ढकल." टिटवीने ढकललं — धाडकन आडवं! मग सरांनी ते उलटं फिरवलं. "आता ढकल." टिटवी ढकलतेय, ढकलतेय, ते जागचं हलेना. "का नाही पडलं? पाय पलीकडे गेले, त्यांचा टेकू मिळाला. असं लावलं तर हर्डल पडत नाही, माणूस पडतो. आता ऐका. जिनं पाडलं तिनं उचलून उभं करायचं. पाय आपल्याकडे. मी येऊन बघणार."

मुली हसत होत्या. मला एकदम फायनल आठवली. वॉर्म-अपच्या वेळी मी सरांना विचारलं होतं, सर, लागलं तर? "लागलं तर पडेल. पडण्यासाठीच बनवलंय ते." आणि खरंच, शेवटून दुसऱ्याला माझा गुडघा लागला. ते पडलं, मी नाही पडले. मग गोल्ड, मिरवणूक, नोकरी, भिंत. ते त्या दिवशी अडून बसलं असतं तर आज मी कुठे असते, असा विचार मी पूर्वी गंमत म्हणून करायचे. आज केला तर अंगावर काटा आला.

घरी येताना टिटवी रस्ताभर बडबडत होती. मी हं हं करत होते.

१५ फेब्रुवारी

टिटवीने पहिलं हर्डल पाडलं. मी पायऱ्यांवर बसले होते. आवाज झाला आणि मी ताडकन उभी राहून किंचाळले! काय ओरडले तेही आठवत नाही. ती पडलीसुद्धा नव्हती. गुडघा चोळत उभी होती नुसती. पण सगळ्या मुली तिच्याकडे न बघता माझ्याकडेच बघायला लागल्या. बेकरीवाल्याची मुलगी तर तोंडावर हात दाबून हसत होती.

टिटवीचे कान लालबुंद.

१६ फेब्रुवारी

पुन्हा ओरडले. एकदा नाही.

१९ फेब्रुवारी

आई आली होती. तिला सांगितलं. जखमेवर मीठ चोळायला ती तयारच. "आता कळलं? मी कशी वर्षं काढली ते?"

आईने माझी एकही शर्यत बघितली नाही. फायनलच्या दिवशी सगळा शेजार आमच्या टीव्हीपुढे, आणि ही गच्चीवर कुंड्यांना पाणी घालत बसलेली. खालून आरडाओरडा ऐकू आला, हिला वाटलं मी पडले. गोल्ड मिळालं हे कोणी वर येऊन सांगेपर्यंत हिने एकाच कुंडीत अख्खी बादली ओतली होती. ते झाड गेलंच.

मी म्हटलं, "पण तू माझ्यासमोर कधी घाबरली नाहीस."

"समोर आले असते तर घाबरले असते ना! म्हणून आलेच नाही. तू कशाला जाऊन बसतेस तिथं?"

कशाला? घरी बसले तर डोळ्यांसमोर त्याहून वाईट दिसतं म्हणून. हे आईला सांगितलं नाही. तिला वर्षानुवर्षं तेच दिसत असणार.

२१ फेब्रुवारी

सरांनी बाजूला घेतलं. मी एवढी पदकवाली बाई, आणि गृहपाठ न केलेल्या मुलीसारखी मान खाली घालून उभी.

"तू ओरडतेस तेव्हा पोर पट्टीकडे बघायचं सोडून तुझ्याकडे बघते. घरी बस, नाहीतर गप्प बस."

गप्प बसते म्हटलं. उद्यापासून रुमाल दातांत धरायचा.

२३ फेब्रुवारी

रुमालाचा उपयोग नाही. आवाज नाकातून निघतो!

टिटवी येताना म्हणाली, "आई, ते पडलं तरी मला लागत नाही गं."

"माहितेय मला."

"मग?"

मग काय! मला सांगता आलं असतं तर रुमाल चावत बसले असते का? तिला काकडीचे काप करून दिले आणि विषय बदलला.

२६ फेब्रुवारी, सोमवार

लगेच लिहिते, नाहीतर डोक्यात घोळत राहील.

मध्यंतर संपून मुली पुन्हा स्टार्टला उभ्या होत्या. टिटवी दुसऱ्या लेनमध्ये. मी सवयीने लेनवरून नजर फिरवली — धावणं सुटलं तरी ही सवय सुटत नाही — आणि तिसऱ्या हर्डलचे पाय पलीकडे! उलटं! ते एकटंच, बाकी सगळी सुलटी. तेवढ्यात सरांचं 'हं' झालं आणि मुली सुटल्या.

आणि ओरडायची खरी वेळ आली तेव्हा घसा बंद. रुमाल तोंडात. पहिलं गेलं. दुसरं गेलं. तिसऱ्याला तिने पाय उचलला आणि मी डोळे मिटले! मी! उघडले तेव्हा ती पलीकडे पोहोचली होती. लागलं नव्हतं.

लागलं असतं तर? पट्टी जागची हलली नसती. ती त्याच वेगाने तोंडावर. दात, हनुवटी, मान. मान लिहितानाच पेन अडलं.

सर तेव्हा खाली वाकून कोणाच्या तरी बुटाची नाडी बांधत होते. मी पायऱ्या उतरले, पाय मोकळे करायला निघाल्यासारखी चालत गेले आणि ते हर्डल सुलटं करून परत जागेवर येऊन बसले. कोणी बघितलं नाही. टिटवीने बघितलं बहुतेक, पण ती सरळ पाणी प्यायला गेली.

सरांच्या हातून असं होतं? माझ्या अख्ख्या कारकिर्दीत एकदा झालं नाही. परदेशातल्या मैदानांवर तिथल्या लोकांनी मांडलेली हर्डल्ससुद्धा कुंपणाबाहेरून निरखून बघणारा माणूस हा. कोणाला वाटायचं वेडा आहे.

२७ फेब्रुवारी

सांगायला हवं. आज सांगायचंच म्हणून गेले. सर म्हणाले, "आज आवाज नाही तुझा! सुधारलीस." मी हसले आणि पायऱ्यांवर जाऊन बसले.

सरांना त्यांची चूक दाखवायची म्हणजे काय, हे ज्याने त्यांच्या हाताखाली वर्षं काढली नाहीत त्याला कळणार नाही. जिभेला लकवा मारतो.

२९ फेब्रुवारी

जेवताना नवरा सहज म्हणाला, "तुमचे सर डोळ्यांत घालायचे थेंब नेतात हल्ली. आजही नेले."

माझा घास तोंडातच राहिला. "कसले थेंब? कशासाठी?"

"कशासाठी असतात थेंब? डोळ्यांसाठी. गिऱ्हाइकाची चौकशी करत बसलो तर दुकान कधी चालवू?"

डोळे! हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

४ मार्च

एकदा दिसायला लागलं की सगळीकडे तेच दिसतं. सर कागद हातभर लांब धरून वाचतात. मुली धावतात तेव्हा सर ट्रॅककडे पाठ करून उभे राहतात! हे ते पूर्वीपासून करतात, हे मला माहीत आहे. पावलांचा आवाज ऐकतात. तीन पावलं आणि उडी, तीन पावलं आणि उडी. माझं एक पाऊल लांब पडलं तरी पाठमोऱ्या उभ्या सरांना कळायचं. लोक त्याच्या गोष्टी करून सांगतात. मीही भाषणात सांगते. पण आज पायऱ्यांवर बसून ती पाठ बघताना वाटलं, बघून उपयोग नाही म्हणूनच ऐकत असतील तर?

मैदानाच्या या टोकावरून मी त्यांना हात केला. मुद्दाम. त्यांनी हात केला नाही.

ऊन त्यांच्या डोळ्यांवर होतं, हेही लिहून ठेवते. पण तरी.

६ मार्च

कमिटीचे सेक्रेटरी भेटले. हा माणूस समोर माइक असल्यासारखा बोलतो. पुढच्या महिन्यात माझ्या नावाने पहिली हर्डल्स स्पर्धा — भिंतीला नवा रंग, पाहुणे, वर्तमानपत्रवाले. "आणि ताई, लहान गटात तुमची कन्या! आईच्या चित्रासमोर मुलगी हर्डल पार करतेय, असा फोटो! वारसा म्हणतात तो हाच!"

मी विचारलं, हर्डल्स कोण मांडणार? "सरच की. त्यांच्याशी वाद घालायची कोणाची छाती आहे?"

मी मान डोलावली. रस्ताभर मला तो फोटो दिसत राहिला. पण मला दिसणाऱ्या फोटोत ती पलीकडे गेलेली नसते.

७ मार्च

टिटवीला म्हटलं, आठवडाभर विश्रांती घे. "का?" ताप येईल असं वाटतंय. तिने स्वतःचा हात माझ्या कपाळाला लावला. "मला नाही, तुला आलाय."

९ मार्च

सरांच्या घरी गेले. ठरवून गेले होते, शब्दसुद्धा ठरवले होते. 'सर, एक हर्डल उलटं होतं.' एवढंच. लहान पोरसुद्धा बोलेल.

दोन खोल्या. बहीण त्यांच्याजवळ असते, त्यांच्याहून मोठी. ती आतल्या खोलीत पडून होती, बरं नाही म्हणाले. म्हणून चहा सरांनीच टाकला. साखरेच्या डब्यासाठी फळीवर चाचपडत होते! एक डबा उघडला, वास घेतला, परत ठेवला. दुसरा उघडला. मी खुर्चीला घट्ट धरून बसले होते. माणसाला स्वतःच्या घरातली साखर दिसत नाही!

बोलता बोलता म्हणाले, "पोरींना तुझं गोल्ड सांगत नाही मी. ते भिंतीवर आहे. तुझं पडणं सांगतो."

म्हणजे दुसरं ऑलिम्पिक. पहिल्याच फेरीत पहिल्याच हर्डलला मी कोसळले, टाचेमागची शीर तुटली, कारकीर्द संपली. हे शाळेतल्या भाषणात मी एका वाक्यात उरकते. सर म्हणाले, "पडलीस, तरी शेवटपर्यंत लंगडत गेलीस. चालत ओळ ओलांडलीस. पोरींना ते फार आवडतं."

मला त्या वेळी रागही आला आणि रडूही आलं. चहा तसाच गिळला. चहात साखर होती, बरोबर होती. उठले, पाया पडले, आले. एक शब्द बोलले नाही! ऑलिम्पिक चॅम्पियन!

१३ मार्च, बुधवार

झालं. ज्याला भीत होते ते झालं, फक्त माझ्या मुलीला नाही झालं.

मध्यंतरानंतर मुलींनी लेन बदलल्या. दुसऱ्या लेनमध्ये बेकरीवाल्याची मुलगी आली. सगळ्यांत वेगवान तीच. मी आज हर्डल्सवर नजर फिरवली नव्हती. रोज फिरवते! आज फोन आला होता, सेक्रेटरींचा, पाहुण्यांच्या नावांबद्दल. मी 'हो, चालेल' म्हणत होते आणि धप्प असा आवाज आला. हर्डल पडल्याचा नाही. तो मला ओळखू येतो.

मुलगी ट्रॅकवर पालथी. आणि हर्डल उभं. मी धावत जाताना तेच बघत होते. मुलगी आडवी आणि ते लोखंड जागच्या जागी, पाय पलीकडे करून उभं!

सर माझ्या आधी पोहोचले. तिला उचलून त्यांनीच रिक्षापर्यंत नेलं. शर्टावर रक्त. हनुवटीला टाके, पुढचा दात अर्धा तुटला. मान ठीक. डॉक्टरांना मी मानेचं दोनदा विचारलं. तिची आई पिठाच्या हातांनीच दवाखान्यात आली, आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "ताई, तुमच्यामुळं पाठवत होतो आम्ही तिला."

टिटवी कोपऱ्यात उभी होती. मी जवळ घेतलं तर अंग चोरून घेतलं. आणि मला, देवा, मला काय वाटलं ते लिहितेच — जीव भांड्यात पडला. माझी नव्हती!

१४ मार्च

कमिटीची बैठक. मीच बोलवायला लावली.

"तुम्ही स्वतः पाहिलंत, ताई?"

"हो. दुसऱ्यांदा."

"म्हणजे आधीही?" सगळ्यांनी माना वर केल्या. मी त्या दिवशीचं सांगितलं. 'मग तेव्हाच का नाही बोललात' असं कोणी विचारलं नाही. मला कोणी काही विचारत नाही. मीच भिंतीवर आहे ना.

खजिनदार म्हणाले, मुलीच उचलून ठेवतात ना पडलेली हर्डल्स? त्यांच्या हातून फिरलं असेल. मी म्हटलं, "मुली ठेवतात, पण सर येऊन बघतात. बघायचे." आणि मग ते वाक्य माझ्या तोंडून गेलं. "सरांना आता नीट दिसत नाही."

मला ते माहीत असल्यासारखं बोलले मी. थेंब, साखर, हात न करणं — सगळं सांगितलं. सेक्रेटरींनी खेदाने मान हलवली. खेद खरा होता, पण वाट बघितल्यासारखा होता. दहा मिनिटांत ठरलं. फोमची हर्डल्स काढायची, नवा प्रशिक्षक आणायचा. सरांचा स्पर्धेत सत्कार.

हे मी टिटवीसाठी केलं. सगळ्या मुलींसाठी. बरोबरच केलं.

१५ मार्च

कोठीच्या दाराशी सर भेटले. माझी वाटच बघत होते.

"तू पाहिलंस?"

"हो, सर."

"दोनदा?"

"हो."

"मग माझ्या नजरेतून सुटलं. मला वाटलं होतं, मी बघितलं." "पहिल्यांदा पाहिलंस तेव्हा मला का नाही सांगितलंस गं?"

"भीती वाटली."

"माझी?"

सर भांडले असते तर बरं झालं असतं. ओरडले असते, मला नालायक म्हणाले असते. त्यांनी कोठीची किल्ली माझ्या हातात ठेवली. "त्या पोरीला म्हणावं, दात नवा बसतो. पण पाय मंद करू नको." आणि निघाले.

वाटेत पाणी मारायचा पाइप आडवा पडला होता. सरांनी खाली न बघता तो ओलांडला. सहज. पाय उचलून.

मी किती तरी वेळ त्या पाइपकडे बघत उभी होते.

१८ मार्च

फोमची हर्डल्स आली ट्रॅकवर. निळी-पिवळी. पाडली तर आवाजच नाही, मऊ पडतात आणि मुली खिदळतात. नवा प्रशिक्षक सारखी शिट्टी वाजवतो. भीतीचं काही कारणच उरलं नाही. मी पायऱ्यांवर निवांत बसले होते. निवांत कसली! शिट्टी वाजली की दचकत होते.

टिटवी धावली नाही. पोटात दुखतंय म्हणाली. पाच दिवस झाले, धड जेवत नाही, टिवटिव बंद. डोळ्यांसमोर मैत्रीण पडली, धसका घेतला असणार. बेकरीवाल्यांकडे चल म्हटलं तर रडायला लागली.

आईला फोन केला. म्हणाली, "घाबरली असेल. तुझीच ना." मी फोन ठेवून दिला.

१९ मार्च

नवरा दुकानातून आला आणि बुटांसकट खुर्चीत बसला. घसा खाकरला नाही, तेव्हाच मी ओळखलं, काहीतरी आहे.

सरांची बहीण दुकानात आली होती. काळा चष्मा लावून, भिंतीला धरत धरत. "भाऊ घराबाहेर पडत नाही हो, म्हणून मीच आले. माझे थेंब द्या." ऑपरेशन तिच्या डोळ्याचं झालंय. महिना होऊन गेला. घरातला स्वयंपाक, चहापाणी सगळं तीच बघायची, आता सर कसंबसं करतात, कुठला डबा कुठे हेसुद्धा त्यांना माहीत नाही.

"सरांच्या डोळ्यांना काही नाही?"

"मी विचारलं. ती म्हणाली, त्याला काय धाड भरलीय? सुईत दोरा तोच ओवून देतो मला."

मी स्वतःला सांगितलं, डोळे चांगले असले तरी हर्डल उलटं होतंच ना? दोनदा होतं. मी पाहिलं. सरांचं लक्ष नव्हतं, वय झालं, असं होतं. उद्या जाऊन माफी मागीन, डोळ्यांबद्दल. फक्त डोळ्यांबद्दल.

२० मार्च

टिटवीचे केस विंचरत होते. माझ्याकडे पाठ होती, तेव्हा बोलली. दोन्ही वेळा हर्डल तिने फिरवलं होतं. मध्यंतरात, सर सगळी बघून गेल्यावर.

"का गं?"

"पडलं की तू ओरडतेस ना. म्हणून पडणार नाही असं लावलं."